घरचं कोविड किट : चार वर्षं, चौदा काड्या

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीच्या किटचा नाहीये. जानेवारी २०२२ पासून २०२५ च्या दिवाळीपर्यंत आमच्या घरात चौदा किट वापरून झाली. मोजलीत मी, कारण गॅस सिलेंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायची सवय आहे, तशी हीपण लिहिली जाते. त्यात चार-पाच कंपन्यांची होती, काही मेडिकलमधून, काही ऑनलाइन, दोन तर नणंदेने बॅगेत घालून आणलेली. आतला माल सगळीकडे जवळपास तोच, एक काडी, एक ट्यूब, एक पट्टी, कधी कचऱ्याची पिशवी. त्यामुळे नावं घेऊन भांडण लावत नाही, आणि आमच्याकडे जे गोंधळ झाले त्यात किटपेक्षा आमचाच शहाणपणा जास्त होता हेही मान्य करते.

"अजून टेस्ट करता तुम्ही?" असं लोक मला ज्या सुरात विचारतात ना, त्याच सुरात "अजून लँडलाइन ठेवलाय?" विचारतात. सोसायटीच्या ग्रुपवर जूनमध्ये मी फक्त एवढंच टाकलं होतं की आमच्याकडे पॉझिटिव्ह आहे, दोन-चार दिवस कोणी येऊ नका, तर त्यावर तीन हसरे चेहरे आणि एक काढ्याची रेसिपी आली. राग नाही आला, कारण माझ्या घरात साबा (सासूबाई) नसत्या तर मीपण हसले असते कदाचित.

तर साबा. वय ७६, संधिवात, दर आठवड्याला मेथोट्रेक्सेटची गोळी, शिवाय बीपी आणि कोलेस्टेरॉल. मेथोट्रेक्सेट सांधे शांत ठेवते ती शरीराची प्रतिकारशक्तीच जरा खाली दाबून, त्यामुळे आपल्याला दोन दिवसांचं सर्दी-पडसं ते त्यांना पंधरा दिवसांचं होऊ शकतं. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपली म्हणून जाहीर केलं, तेव्हा मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या आणि साबा म्हणाल्या, "म्हणजे आता गेला का तो?" गेला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे किट ही वस्तू थर्मामीटरच्या शेजारी असते, आणि तिचं काम एकच, आज साबांच्या खोलीत चहा कोणी न्यायचा हे ठरवणं. सरकारला कळवा, सर्टिफिकेट आणा, ऑफिसला दाखवा, ते सगळं केव्हाच मागे पडलं.

ज्यांनी कधी वापरलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काडी नाकात दोन ते चार सेंटिमीटर आत घालायची, म्हणजे २०२० मध्ये सेंटरवर मेंदूपर्यंत घालायचे तशी नाही, घाबरू नका. दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा गोल फिरवायची, मग ट्यूबमधल्या पाण्यात घुसळायची, काडी मोडून झाकण लावायचं आणि पट्टीवर दोन थेंब (थेंब किती ते कंपनीप्रमाणे बदलतं, वाचून घ्या). पंधरा मिनिटं थांबायचं. सी ला रेघ आली म्हणजे पट्टी चालू आहे, टी ला पण आली म्हणजे पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सी टेस्ट केलेल्या बायकांना यात नवीन काही नाही, तीच टेक्निक आहे, ट्यूबमधल्या पाण्याने विषाणू फुटतो, त्याच्या आतलं एक प्रोटीन पट्टीवरच्या अँटिबॉडीला चिकटतं आणि तिथे रंग दिसतो. आणि हे आतलं प्रोटीन असल्यामुळे नवीन नवीन व्हेरियंट आले तरी जुनी किट बहुतेक चालत राहिली, कारण व्हेरियंट बदलतात ते मुख्यतः बाहेरच्या काट्यांमध्ये, ज्यावर लस बेतलेली असते.

काडी फिरवताना शिंक येते. येतेच. लेकाने एकदा भर डायनिंग टेबलवर शिंक दिली आणि टेस्ट करायच्या आधीच आम्ही सगळे संपर्कात आलो, तेव्हापासून हा कार्यक्रम गॅलरीत होतो.

ट्यूब उभी राहत नाही ही माझी जुनी तक्रार. काही डब्यांना भोक पाडलेलं असतं स्टँडसारखं, पण ते भोक आणि ट्यूब यांचं लग्न कोणी जमवलेलं नसतं, ट्यूब आडवी होते आणि पाणी सांडलं की संपलं किट. मी वाटीत तांदूळ घेऊन त्यात ट्यूब रोवते. मस्त उभी राहते. ते तांदूळ वेगळ्या बरणीत आहेत, विचारू नका. आणि सूचनांचा कागद! मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, एका कागदावर पाच भाषा, मराठी असली तर शेवटच्या घडीत. ज्या आजारात म्हातारी माणसं जास्त धोक्यात त्याच्या कागदावर चष्म्यावर चष्मा लावून वाचावं लागतं.

आता जरा मागचं. पहिलं किट आणलं ते ओमिक्रॉनच्या लाटेत. तेव्हा मेडिकलवाले नाव, फोन नंबर लिहून घ्यायचे, मुंबईत तर पालिकेने विकलेल्या प्रत्येक किटची नोंद ठेवायला सांगितलं होतं, कारण लोक घरीच टेस्ट करून गप्प बसायला लागले होते. घरी करायच्या किटला आयसीएमआरची पहिली मान्यता मे २०२१ मध्ये मिळाली ती आपल्या पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फला, २५० रुपये किंमत होती. २५० तेव्हा महाग वाटले नाहीत, कारण २०२० च्या सुरुवातीला आरटीपीसीआरचा कमाल दर ४,५०० होता हे आठवत होतं. तो कमी होत होत महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पर्यंत लॅबमध्ये स्वतः जाऊन दिलं तर ३५० वर आला, तरी रांग आणि रिपोर्टची वाट होतीच. नवऱ्याची टेस्ट केली तर पंधरा मिनिटं कसली, दोन मिनिटांत टी ची रेघ सी पेक्षा गडद. त्या दिवशी वाटलं काय जादू आहे ही. त्या एका अनुभवावरून माझा समज झाला की असेल तर दोन मिनिटांत दिसतं, नसेल तर नाही. हा समज पुढे महागात पडला, सांगते.

मध्ये एकदा डिसेंबर २०२३. माझं माहेर कुडाळकडचं, मार्गशीर्षात गावच्या जत्रेला गेले होते, रात्रभर दशावतार, थंडी, एकाच पत्र्याच्या मांडवाखाली सगळं गाव. परत पुण्यात आले आणि दोन दिवसांनी बातमी, जेएन.१ या तेव्हाच्या नव्या व्हेरियंटचा राज्यातला पहिला रुग्ण सिंधुदुर्गात. आयुष्यात कधी टीव्हीवर न आलेला आमचा जिल्हा पट्टीवर पट्टी फिरत होता आणि मी सर्दीने बेजार. तीन किट लागली, मला, नवऱ्याला, साबांना. तिन्ही निगेटिव्ह. नुसती जत्रेची सर्दी. तेव्हा ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातलं एक उरलं ते कपाटात ठेवून दिलं आणि विसरले.

आता मुख्य गोष्ट, जून २०२५.

लेक सांगलीला हॉस्टेलवर असतो. परीक्षा संपवून रात्रीच्या गाडीने आला, घसा खवखवतोय म्हणाला, पाऊस लागला असेल. बातम्यांत तेव्हा परत चालू झालं होतं, एनबी.१.८.१ म्हणून ओमिक्रॉनच्याच खानदानातला नवीन व्हेरियंट, जूनच्या मध्यात देशात सक्रिय रुग्ण सात हजारांच्या वर, आणि हे नुसते टेस्ट केलेले. टेस्ट करतंय कोण? मी कपाटातलं किट काढलं तर फेब्रुवारीतच एक्स्पायर. गेले मेडिकलमध्ये. पहिल्या दोन दुकानांत नाहीच. तिसरा म्हणाला, "ताई, ते आता कोण घेतं? ओआरएस देऊ का?" चौथ्याने स्टुलावर चढून मागून एक काढून दिलं, फडक्याने पुसून. घरी येऊन बघते तर एक्स्पायरीच्या जागेवर नेमकं दुकानाचं किमतीचं लेबल. नखाने खरवडलं, त्याच महिन्याची तारीख निघाली. वापरता येत होतं, पण पैसे पूर्ण घेतले, आणि लेबल तिथेच का चिकटवावंसं वाटलं ते त्या दुकानदारालाच माहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन बोलले तर म्हणे मशीन लावतं ते. बरं.

टेस्ट केली. निगेटिव्ह. एकदम कोरी करकरीत, फक्त सी. मला दोन मिनिटांची सवय, मी तर पाचव्या मिनिटालाच "नाहीये रे" म्हणून मोकळी. लेक आंघोळ करून थेट आजीच्या खोलीत. तीन महिन्यांनी नातू आलेला, साबांनी स्वतः उठून थालीपीठ लावलं, लोणी काढलं, दोघं एकाच खाटेवर बसून रात्री अकरापर्यंत गप्पा. मी दार लोटून घेतलं, म्हटलं बोलू देत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला १०१ ताप. यावेळी घरपोच ॲपवरून तीन मागवली (दहा मिनिटं लिहिलं होतं, पावणेदोन तास लागले). परत टेस्ट. दहाव्या मिनिटापर्यंत काही नाही. बाराव्या मिनिटाला मला वाटलं काहीतरी आहे. नवरा म्हणाला नाहीये. ट्यूबलाइटखाली धरलं, मग मोबाइलची टॉर्च तिरकी मारली, मग खिडकीशी नेलं. पेन्सिलीने ओढून खोडरबराने पुसल्यावर उरते ना, तेवढी गुलाबी रेघ. "ही पट्टीचीच खूण आहे," नवरा. फोटो काढून दिराला पाठवला तर त्याचं उत्तर, "वहिनी, मला तर कुत्रा दिसतोय." शेवटी फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवला तेव्हा नवऱ्याने तोंड बंद केलं.

फिकी रेघ म्हणजे पॉझिटिव्हच, हे त्या मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. गडद की फिकी याने फक्त नाकात विषाणू किती आहे याचा अंदाज येतो. वीस मिनिटांनंतर उमटलेली मात्र धरायची नाही, पाणी सुकून भास होतो. आणि जे मला आधी कळायला हवं होतं ते हे, की आता सगळ्यांच्या शरीराला हा विषाणू ओळखीचा झालाय, लस झाली, आजार होऊन गेला, त्यामुळे घसा लवकर दुखायला लागतो पण नाकात पुरेसा विषाणू जमायला अजून एक-दोन दिवस जातात. पहिल्या दिवशीची निगेटिव्ह म्हणजे नुसतं "अजून कळलं नाही." अमेरिकेच्या एफडीएने तर २०२२ च्या ऑगस्टमध्येच सांगून ठेवलंय की लक्षणं असतील तर ४८ तासांच्या अंतराने दोनदा करा, लक्षणं नसताना करत असाल तर तीनदा. आपल्या आयसीएमआरचं तर त्याहून जुनं आहे, लक्षणं आहेत आणि घरची निगेटिव्ह आली तर लगेच आरटीपीसीआर करा, आणि घरची पॉझिटिव्ह आली तर ती खरीच धरा, परत करत बसू नका. मी हे २०२२ मध्ये वाचलं होतं, फॉरवर्डपण केलं होतं. थालीपीठाच्या वासात विसरले.

लेकाची पॉझिटिव्ह आली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साबांना खोकला सुरू झाला. त्या काही बोलल्या नाहीत, पेल्यात गरम पाणी घेऊन बसल्या होत्या, मी विचारलं तर "जरा घसा धरलाय गं, एवढंच." सकाळी टेस्ट केली. त्यांची रेघ पाच मिनिटांत आली.

ऑक्सिमीटर शोधला. तुमच्याकडेपण असेल बघा कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये, २०२१ च्या एप्रिलमध्ये दुप्पट-तिप्पट पैसे देऊन घेतलेला. उघडला तर सेल गळून आत निळी-हिरवी बुरशी. कापसाने पुसून, नवीन सेल घालून चालू झाला कसाबसा, ९५. डॉक्टरांना फोन केला, नशिबाने आमचे डॉक्टर "कोविड आता काय" म्हणणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, खोकला नक्की कधी सुरू झाला? कारण कोविडच्या ज्या विषाणूविरोधी गोळ्या आहेत त्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत चालू कराव्या लागतात, नंतर फारसा उपयोग नाही. त्यांनी त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितली, कोलेस्टेरॉलची गोळी पण काही दिवस बंद, कारण या नवीन गोळ्यांचं तिच्याशी पटत नाही, आणि आरटीपीसीआर करून घ्या म्हणाले.

इथे लॅबची गंमत. पहिल्या लॅबने सांगितलं आता नुसता कोविड करत नाही, पूर्ण श्वसनाचं पॅनल करावं लागेल, आणि जी किंमत सांगितली त्यात दहा-पंधरा किट आली असती. दुसरी हो म्हणाली, मुलगा सकाळी पाठवतो म्हणाली, मुलगा आला दुसऱ्या दिवशी दुपारी, रिपोर्ट त्याच्या पुढच्या दिवशी रात्री व्हॉट्सॲपवर. पॉझिटिव्ह, धन्यवाद. तोवर डॉक्टरांनी घरच्या किटच्या फोटोवर गोळ्या चालू करून दोन दिवस झाले होते. लॅबच्या भरवशावर राहिलो असतो तर पाचातले बरेचसे दिवस तिथेच गेले असते. माझ्या मते या किटची सगळी किंमत त्या एका सकाळी वसूल झाली.

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या. साबांची तक्रार तापाची नाही, खोकल्याची नाही, तोंडाच्या चवीची. "दिवसभर तोंडात जुनं नाणं धरल्यासारखं वाटतंय." आमसुलाचं सार तेवढं जायचं. ताट-वाटी दाराबाहेर स्टुलावर, खिडकी सताड उघडी, मी एन-९५ लावून आत, आणि लेक बिचारा हॉलमध्ये अपराधी चेहरा करून, आजीशी बंद दारातून फोनवर बोलत. चार भिंतींच्या आत दोघं, एक खोकला इकडून एक तिकडून.

आणि नेमका चौथ्या दिवशी पालख्यांचा पुण्यात प्रवेश. साबांचं तीस वर्षांचं आहे, फर्ग्युसन रोडला उभं राहायचं, गूळ-शेंगदाण्याचे लाडू वारकऱ्यांना वाटायचे, जमलं तर दुसऱ्या दिवशी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला जाऊन तुकोबांच्या पालखीचं दर्शन. २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारीच नव्हती, तेवढाच खंड. लाडूंचे शेंगदाणे महिन्याच्या सुरुवातीलाच आणून भाजून ठेवलेले. त्या दिवशी ताप नव्हता, ऑक्सिजन ९७, साडी नेसून बसल्या आणि मला म्हणाल्या, "ती काडी आण एकदा." मला माहीत होतं काय येणार, चौथ्या दिवशी कोणाची निगेटिव्ह येते? पण आणली. स्वतःच फिरवली त्यांनी, पाच-पाच वेळा, मोठ्याने मोजत. पट्टी मांडीवर घेऊन बसल्या. रेघ गडद. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लांबलांबून चालत आलेत ते. मी जाऊन त्यांच्यात खोकू का?" साडी बदलली. टीव्हीवर पालखी आली तेव्हा बंद दाराआड त्यांचा टाळ्यांचा आवाज येत होता. लाडू नवरा जाऊन वाटून आला.

त्यांची निगेटिव्ह आली त्यानंतर एक आठवड्याने. खोकला मात्र गणपतीपर्यंत पुरला. मी निगेटिव्हच राहिले, कशी ते विठोबाला ठाऊक.

बूस्टरचं काय, हा प्रश्न येणार म्हणून लिहिते. साबांचा प्रिकॉशन डोस (सरकार बूस्टरला तेच म्हणायचं) फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला, साठीच्या वरच्या सहव्याधीवाल्यांना १० जानेवारीपासून चालू झालं होतं. आमचा दोघांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, १५ जुलै ते ३० सप्टेंबर सगळ्या मोठ्यांना फुकट होता तेव्हा, महापालिकेच्या दवाखान्यात, आणि रांग शून्य. २०२१ मध्ये जिथे पहाटे पाचला टोकन घ्यायला माणसं झोपलेली त्याच पायरीवर एक मांजर होतं. नंतर जानेवारी २०२३ मध्ये नाकातून घ्यायची लस आली, खाजगीत ८०० रुपये, मग जूनमध्ये पुण्याच्याच जेनोव्हाची जेमकोव्हॅक-ओएम, खास ओमिक्रॉनवरची, बिनसुईची, २,२९२ रुपये. मी म्हटलं बघू पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना गेला तो गेलाच. २०२५ मध्ये साबांना बूस्टर द्यावा का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, मिळाला तर जरूर द्या. चार मोठ्या हॉस्पिटलांना फोन केले. तिघांनी सांगितलं आता ठेवत नाही, चौथ्याने फ्लूची लस आहे म्हणून सांगितलं (ती दिली, तीपण चांगलीच), एकाने तर "कोविडची? कशासाठी?" असं इतक्या निरागसपणे विचारलं की मीच ओशाळले. ज्या गावात सीरम आहे, विषाणूंवर संशोधन करणारी एनआयव्ही आहे, देशातलं पहिलं देशी आरटीपीसीआर किट मार्च २०२० मध्ये जिथे तयार झालं, त्या गावात माझ्या सासूला एक डोस मिळेना. मागणीच नाही तर ठेवणार कोण, हे कळतं मला, बाटली उघडली की ठरावीक तासांत संपवावी लागते, एका म्हातारीसाठी कोण उघडणार. पण कळलं म्हणून बरं वाटतं असं नाही.

नणंद इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्या सासूबाई ७८ च्या, त्यांना वर्षातून दोनदा मोबाइलवर मेसेज येतो, या आणि बूस्टर घेऊन जा, वसंतात एक, शरदात एक. तिकडेही आता फक्त पंच्याहत्तरीच्या वरच्यांना, केअर होममधल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना, बाकीच्यांना नाही. फुकटची किट तर त्यांनी एप्रिल २०२२ मध्येच बहुतेकांची बंद केली. अमेरिकेत सरकार पोस्टाने घरटी चार किट पाठवायचं, तेही मार्च २०२५ मध्ये थांबलं. म्हणजे सगळीकडेच गाडी तिकडे चाललीय, ज्याचं त्याने बघावं. आमचं बघणं म्हणजे ही काडी.

आता घ्यायचं असेल तर काय बघाल. तारीख, लेबल खरवडून. मी सध्या २२० ला एक घेते, एका वेळी दोन, कारण एकटं किट म्हणजे जूनचा आमचा पहिला दिवस, त्याने फक्त खोटा धीर येतो. बहुतेक डब्यांवर २ ते ३० डिग्रीत ठेवा लिहिलेलं असतं आणि पुण्यात एप्रिलमध्ये ४० होतं, तेव्हा खिडकीजवळच्या कपाटात नको, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, आमची पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये असतात. वापरून झालेलं सगळं पिशवीत, पिशवी नसेल तर कागदात, आणि पॅडला करतो तशी लाल खूण करून कचरावाल्या ताईंना वेगळं द्यायचं. त्यांनी हाताने उचलायचं असतं ते. लहान मुलाची करत असाल तर आधी चॉकलेट दाखवा, मग काडी.

पाचपैकी किती? लक्षणांच्या पहिल्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी साडेचार. सूचनांच्या कागदाला शून्य. ट्यूबच्या स्टँडला तांदळाची वाटी.

दिवाळीला लेक आला तेव्हा नाक गळत होतं. दारात चपला काढतोय तोवर आतून आजीचा आवाज, "आधी काडी, मग करंजी." निगेटिव्ह आली. तरी दोन दिवस मास्क लावून आजीसमोर बसला, खिडकी उघडी ठेवून, आणि दुसरी टेस्ट करायच्या आधी त्याची सर्दीच गेली, म्हणून ते दुसरं किट वाचलं. ते आणि त्यानंतर घेतलेलं एक अशी दोन आहेत आत्ता ड्रॉवरमध्ये, एक्स्पायरी मार्चची. तोवर लागली नाहीत तर ४४० रुपये पाण्यात जातील, आणि मला ते चालणार आहे.